क्रीडास्मृतिवस्तू : संग्रह व लिलाव

क्रीडास्मृतिवस्तू : एखादा खेळाडू, सामना किंवा क्रीडाप्रकार यांच्याशी प्रत्यक्ष संबंध आल्यामुळे जतनयोग्य ठरलेल्या वस्तू. पदके, गदा, बॅटी, टोप्या, पोशाख, प्रवेशपत्रिका, छायाचित्रे, पत्रे, भित्तिपत्रके इत्यादींचा त्यांत समावेश होतो. अशा वस्तूचे मोल तिच्या धातूवर अथवा लाकडावर अवलंबून नसते. ती कोणाच्या हाती होती आणि ते सिद्ध करता येते काय, यांवर ते ठरते.

जागतिक पार्श्वभूमी : या छंदाचे बोलके उदाहरण म्हणजे लाटांवरून घसरत जाण्याच्या खेळातील, म्हणजे सर्फिंगमधील, जुन्या फळ्यांचा संग्रह. हवाई बेटांवर कोआ, विलिविली इ. झाडांच्या लाकडापासून या फळ्या कोरून काढीत. होनोलूलू येथील बिशप संग्रहालयाने (स्थापना १८८९) काही प्राचीन फळ्या जपल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर कृत्रिम फेसाच्या हलक्या फळ्या प्रचारात आल्या व लाकडी फळ्या अडगळीत गेल्या. पुढे त्यांतील उरलेल्यांनाच दुर्मिळतेमुळे किंमत आली आणि एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी हवाईत त्यांचे स्वतंत्र लिलाव होऊ लागले. निरुपयोगी ठरलेली वस्तू, मग दुर्मिळ वस्तू आणि अखेरीस मौल्यवान वस्तू, असा हा क्रम सर्वच स्मृतिवस्तूंच्या बाबतीत आढळतो.

महाराष्ट्रातील परंपरा : महाराष्ट्रात समुद्रक्रीडेपेक्षा कुस्ती व क्रिकेट यांची परंपरा समृद्ध आहे. तथापि कुस्तीच्या स्मृतिवस्तू अल्प प्रमाणात उरल्या. बारामती, इंदापूर यांसारख्या तालुक्यांतील गावजत्रांत कुस्त्यांची बक्षिसे म्हणजे नारळ, रेवड्या, फेटा, भांडे किंवा रोख इनाम. नारळ-रेवड्या वाटल्या जात, फेटा वापरून विरे आणि भांडे घरच्या मांडणीत मिसळून जाई. १९६१ मध्ये सुरू झालेल्या ‘महाराष्ट्र केसरी’ स्पर्धेतील विजेत्याची गदा मात्र जपण्याची वस्तू ठरली.

वस्तुसंग्रहाची दृष्टी महाराष्ट्रात रुजविण्याचे मोठे श्रेय दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांच्याकडे जाते. ‘अज्ञातवासी’ या नावाने काव्यलेखन करणाऱ्या केळकरांनी अडकित्ते, दिवे, वाद्ये, सोंगट्या-गंजिफांसारखी खेळसाधने अशा नित्य वापरातील वस्तू गावोगाव हिंडून मिळविल्या. अकाली निवर्तलेल्या पुत्राच्या नावाने त्यांनी पुण्यात उभारलेले राजा दिनकर केळकर संग्रहालय १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन झाले. क्रिकेटच्या वस्तूंचे ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ हे खाजगी संग्रहालयही पुण्यात २०१२ मध्ये सुरू झाले.

लिलावाची पद्धती : लिलावापूर्वी वस्तूची पूर्वपीठिका तपासतात. ती कोणाकडून कोणाकडे गेली याची अखंड साखळी, सामन्याच्या वेळचे छायाचित्र, खेळाडूचे पत्र अथवा स्वाक्षरी हे प्रमुख पुरावे होत. डागडुजी वा रंगरंगोटी केल्यास मोल बहुधा घटते. विक्रेता किमान किंमत ठरवू शकतो; सर्वोच्च बोलीवर खरेदीदारास बहुधा लिलावगृहाचे शुल्कही द्यावे लागते.

मुंबईच्या वानखेडे मैदानावर २ एप्रिल २०११ रोजी झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात महेंद्रसिंग धोनी यांनी वापरलेली बॅट त्याच वर्षी लंडन येथे धर्मादाय लिलावात १ लाख पौंडांस विकली गेली. डॉन ब्रॅडमन यांनी १९४७-४८ च्या भारताविरुद्धच्या मालिकेत वापरलेली एक टोपी डिसेंबर २०२४ मध्ये सिडनीच्या लिलावात आली. शुल्कासह तिला ४,७९,७०० ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. याच मालिकेच्या वेळी त्यांनी महाराष्ट्राचे खेळाडू रंगा सोहोनी यांनाही एक टोपी भेट दिली होती. सोहोनी कुटुंबाने ती सुमारे पाऊणशे वर्षे सांभाळली. तिची पूर्वपीठिका निर्विवाद ठरते ती या सांभाळामुळेच.

जाधव यांचे पदक : स्मृतिवस्तूच्या विक्रीमागील पेच खाशाबा जाधव (१९२६–८४) यांच्या पदकाने स्पष्ट होतो. कराडजवळील गोळेश्वर गावच्या या मल्लाने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये बँटमवेट गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले होते. परतल्यावर जाधवांनी कुस्त्यांचे आयोजन करून ते कर्ज फेडले. २०१७ मध्ये, गावात नियोजित कुस्ती केंद्राचे काम रखडल्यामुळे, त्यासाठी निधी उभारण्याकरिता पदकाचा लिलाव करण्याचा विचार कुटुंबीयांनी जाहीर केला. त्यावर महाराष्ट्रात मोठी हळहळ व्यक्त झाली; लिलाव मात्र झाला नाही. ज्या पदकासाठी एकाने घर गहाण टाकले, तेच पदक पुढील मल्लांचे घर उभारण्यासाठी विकावे काय, हा तो पेच होता.

कायदा व जतन : पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ हा १९७६ पासून अंमलात आला. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू व पंचाहत्तर वर्षांहून जुनी, विशेष मोलाची हस्तलिखिते व दस्तऐवज यांना त्याचे संरक्षण असून त्यांची खाजगी निर्यात निषिद्ध आहे. विसाव्या शतकातील बहुतेक क्रीडावस्तू या मर्यादेबाहेर राहतात व मालकाच्या इच्छेनुसार देशाबाहेर जाऊ शकतात. एकदा बाहेर गेलेली वस्तू परत आणणे खर्चिक असते. नागपूरकर भोसल्यांपैकी पहिले रघूजी यांची तलवार २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र शासनास ४७.१५ लाख रुपये मोजून मिळवावी लागली. म्हणून वस्तू घरात असतानाच तिची नोंद, छायाचित्र व मालकाचे निवेदन करून ठेवणे, हा जतनाचा सर्वांत स्वस्त व खात्रीचा मार्ग होय.