आभाळातल्या यंत्राला नाव कुणाचं?



२०२४ चा पावसाळा आठवतो ना? मराठवाड्यात गावोगावी तेव्हा एकच बोलणं होतं. रात्री आभाळात दिवे फिरतात, ड्रोन येतो, घरं हेरून जातो आणि मागून चोर येतात. माणसं काठ्या घेऊन गच्चीवर बसली, आपण लेकरांना कुशीत घेऊन जाग्या राहिलो. किती खरं, किती अफवा, ते सोडून देऊ. भीती मात्र खरी होती, कारण वर फिरणारी वस्तू कुणाची आणि ती कोण चालवतंय, हेच कुणाला माहीत नव्हतं.

गंमत बघा. त्याच वर्षी, ११ मार्च २०२४ ला, दिल्लीला पुसाच्या मैदानावर बचत गटांच्या एक हजार बायकांना ड्रोन दिले गेले. यंत्र तेच, चार पंखांचं नाहीतर सहा पंखांचं. पण इथं प्रत्येक यंत्राला नंबर होता आणि ते उडवणारीच्या हातात तिच्या नावाचं प्रमाणपत्र होतं. आज मला या कागदाची गोष्ट सांगायची आहे.

गोष्ट तशी जुनी आहे. आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या माणसांसाठी आभाळातलं यंत्र म्हणजे लढाई. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरकडून नळदुर्गाच्या वाटेनं निजामाच्या राज्यात शिरली, तेव्हा हवाई दलाची विमानं तिच्या मदतीला होती. ड्रोनसुद्धा आधी लष्कराचाच. शेतात तो फार उशिरा आला.

उडवायला परवाना लागतो, हे मात्र विमानाच्या सुरुवातीपासूनच ठरलेलं. भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना १० फेब्रुवारी १९२९ ला मुंबईत जे. आर. डी. टाटांना मिळाला. सात वर्षांनी, १९३६ साली, लाहोरात सरला ठकराल यांनी तो मिळवला. वय २१, घरी लहान मुलगी, अंगात साडी. साडी नेसून विमान चालवलं म्हणून त्यांचं आजही कौतुक होतं. मला विचाराल तर साडीपेक्षा परवान्याचं कौतुक जास्त व्हायला हवं. साडी आपण सगळ्याच नेसतो.

आता फवारणीकडे येते, कारण ड्रोन आपल्या बांधावर आला तो तिच्यासाठी. विमानातून औषध फवारणं आपल्या देशात नवीन नाही, आणि त्यातला एक अनुभव फार वाईट आहे. केरळात कासरगोड जिल्ह्यात काजूच्या सरकारी बागांवर १९७० च्या दशकापासून २००० सालापर्यंत हेलिकॉप्टरनं एंडोसल्फान फवारलं. खाली वस्ती होती, विहिरी होत्या. तिथल्या लेकरांचे आजार आणि अपंगत्व यांचा लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २०११ मध्ये न्यायालयानं या औषधावर बंदी घातली. वरून फवारणारा कोण, कशावर फवारतोय, खाली कोण आहे, हे विचारायची सोय त्या बायकांना नव्हती.

दुसरा अनुभव आपल्या राज्यातला. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. पंप पाठीवर, पीक डोक्याइतकं उंच, तोंडाला फार तर एक उपरणं. ते घरी आले की त्यांचे कपडे धुवायचे बायकांनी. म्हणून औषधाच्या धुक्यातून माणसाला बाहेर काढणारं यंत्र आलं तर मला त्याचं स्वागतच करावंसं वाटतं.

पण ते सहज आलं नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, म्हणजे विमानांचे नियम करणाऱ्या दिल्लीच्या कार्यालयानं, खासगी ड्रोन उडवायला मनाई केली. डिसेंबर २०१८ पासून काही अटींवर वाट उघडली. आपल्याकडे त्याच सुमाराला पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोननं गावठाणाची मोजणी करून पाहिली. पुढे २०२० मध्ये स्वामित्व योजना आली. त्या वर्षी टोळधाड आली तेव्हा राजस्थानात ड्रोननं औषध फवारलं. मग २५ ऑगस्ट २०२१ ला नवे ड्रोन नियम निघाले आणि कागदपत्रांचं ओझं बरंच हलकं झालं.

त्या नियमांनी ड्रोन उडवणाऱ्याला काय लागतं ते ठरवलं. वय १८ ते ६५. दहावी पास. सरकारमान्य संस्थेत प्रशिक्षण. त्यानंतर मिळतं ते रिमोट पायलट प्रमाणपत्र, दहा वर्षं चालणारं. त्याची सरकारी फी शंभर रुपये. प्रशिक्षणाचा खर्च वेगळा, आणि खासगी संस्थेत तो हजारोंच्या घरात जातो.

यात एक अट अशी होती की वाचून मला हसूही आलं आणि रागही. पासपोर्ट! शिवारात दहा-वीस फुटांवर यंत्र उडवायचं आणि त्यासाठी परदेशी जाण्याचा कागद. आपल्या गटात किती जणींकडे पासपोर्ट आहे, सांगा बरं? १५ ऑगस्ट २०२३ ला लाल किल्ल्यावरून पंधरा हजार गटांना ड्रोन देण्याची घोषणा झाली, तेव्हाही ही अट होतीच. सप्टेंबरच्या शेवटी नियम दुरुस्त झाला. आता पासपोर्ट नसेल तर मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड किंवा वाहन परवाना चालतो. ज्या रेशनकार्डासाठी आपण रांगेत उभ्या राहतो, ते आता आभाळाचं दारही उघडतं.

दहावीची अट मात्र कायम आहे, आणि आठवी-नववीत लग्न झालेल्या जणींसाठी ती मोठी आहे. त्यांनी सतरा नंबरचा फॉर्म भरून परीक्षा द्यावी. ड्रोन मिळो न मिळो, दहावी वाया जात नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं नमो ड्रोन दीदी योजनेला मंजुरी दिली. एकूण १,२६१ कोटी रुपये. ड्रोन आणि सामानाच्या किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त आठ लाख, अनुदान. उरलेल्या रकमेचं कर्ज गटाला काढता येतं, व्याजात ३ टक्के सवलत. गटातल्या एकीला पंधरा दिवसांचं प्रशिक्षण, त्यात पाच दिवस उडवण्याचं आणि दहा दिवस शेतीतल्या वापराचं. पहिल्या वर्षी, २०२३-२४ मध्ये, खत कंपन्यांनी स्वतःच्या पैशातून १,०९४ ड्रोन वाटले, त्यातले ५०० या योजनेखाली.

"आम्हाला जमंल का?" असं पुष्कळ जणी विचारतात. आपल्याच जिल्ह्यातलं सांगते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लोहारा-उमरग्याच्या गावांत घरं दुरुस्त करायचं काम निघालं, तेव्हा गावातल्या बायका संवाद सहायक झाल्या. भिंतीला पट्टा कुठं घ्यायचा, सिमेंट-वाळूचं प्रमाण किती, हप्ता कधी मिळायचा, हे त्या शिकल्या आणि घरोघर सांगत फिरल्या. त्याआधी त्यांच्या हातात ओळंबा कुणी दिला नव्हता. ड्रोनच्या वर्गातही तसंच चालतं. आधी संगणकावर खोटं खोटं उडवतात, मग मैदानात शिक्षकाच्या शेजारी उभं राहून खरं. वारा कसा मोजायचा, बॅटरी कधी उतरवायची, सिग्नल गेला तर काय, विमानतळाच्या आसपास कुठं उडवायचं नाही, हे सगळं त्यात येतं.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. पाठीवरच्या पंपानं एकराला दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं, ड्रोनला साधारण दहा. औषध तेवढंच, पाणी इतकं कमी, म्हणजे टाकीतलं द्रावण किती कडक झालं? फवारणारी औषधापासून लांब उभी असते, पण द्रावण कालवणारी टाकीपाशीच असते, आणि ती बहुतेक वेळा बाईच असणार. हातमोजे, चष्मा, मास्क यांशिवाय बादलीला हात लावू नका. शेजारी तुतीची बाग असेल तर त्या शेतकऱ्याला आधी सांगा. औषधाचा उडालेला थेंब पाल्यावर पडला की रेशमाच्या अळ्या मरतात.

पैशाचंही बघू. जादा बॅटऱ्या असल्या की दिवसाला वीस एकर होतात, असं सरकार सांगतं. होतीलही. पण आपलं सोयाबीन जुलै ते सप्टेंबरात फवारा मागतं, तूर फुला-शेंगांवर आली की, हरभरा थंडीत. मधले महिने रिकामे, आणि पावसात ड्रोन उडत नाही. समजा एकराला तीनशे रुपये घेतले आणि वर्षात साठ दिवस काम मिळालं, रोज दहा एकर. झाले एक लाख ऐंशी हजार. त्यातून गाडीभाडं, चार्जिंग, मदतनीसाची मजुरी, कर्जाचा हप्ता वजा करा. बॅटऱ्या झिजतात, त्या महाग आहेत. हा हिशोब ड्रोन घ्यायच्या आधी गटाच्या बैठकीत मांडा. दोन-चार गावांचा ऊस धरलात तर आकडा सुधारतो, कारण वाढलेल्या उसात माणूस शिरू शकत नाही.

आणि नावाचं. ड्रोन गटाच्या नावावर असतो, प्रमाणपत्र त्या एका बाईच्या. तिचा नवरा किंवा भाऊ प्रमाणपत्राशिवाय ड्रोन घेऊन शिवारात गेला तर ते बेकायदेशीर आहे, आणि अपघात झाला तर निस्तरायचं गटाला. "तू घरी बस, मी उडवून आणतो" असं म्हणणाऱ्याला ते प्रमाणपत्र दाखवा. त्यावर नाव कुणाचं आहे ते त्याला मोठ्यानं वाचायला लावा. उडवायचंच असेल तर त्यानंही प्रशिक्षण घ्यावं, रेशनकार्ड घरात एकच आहे.

स्वामित्वच्या मोजणीनंतर तुमच्या घराची सनद आली असेल, तर तीही कपाटातून काढून तिच्यावर कुणाचं नाव आहे ते एकदा बघून घ्या.

दिवसा गावात ड्रोन आला तर उडवणारीला तिचं प्रमाणपत्र आणि यंत्राचा नंबर विचारा, ती रागावणार नाही. रात्री दिसला तर दगड मारू नका, ११२ ला फोन लावा.