भाजे : घरफोडी व घरसंरक्षण

भाजे हे पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील गाव मळवली रेल्वेस्थानकाजवळ, लोहगड आणि विसापूर यांच्या पायथ्याशी आहे. पोलिसी हद्द लोणावळा ग्रामीण ठाण्याची. घरसंरक्षणाच्या दृष्टीने गावात दोन तऱ्हेची घरे आहेत. गावठाणातली नांदती घरे ही एक तऱ्हा आणि आठवड्यातले पाच दिवस कुलूपबंद असणारे शनिवार-रविवारचे बंगले ही दुसरी. दोन्हींना धोका सारखा नाही, म्हणून उपायही एक नाही.

कायद्यात घरफोडीची व्याख्या बरीच रुंद आहे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३० मध्ये ती आहे, शिक्षा ३३१ मध्ये आणि राहत्या घरातील चोरी ३०५ मध्ये. (जुन्या फिर्यादींत हीच कलमे ४५४, ४५७ आणि ३८० अशी दिसतात.) मोडतोड झालीच पाहिजे असे नाही. मालकाची हरवलेली किल्ली सापडली आणि तिने दार उघडून कोणी आत शिरला, तरी ती घरफोडी. भिंतीला भोक पाडून नुसता हात आत घातला, तरीही. कुंडीखाली किल्ली ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी चोरीच्या इराद्याने केलेल्या घरफोडीला चौदा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, दिवसा केलेल्या अशाच गुन्ह्याला दहा वर्षांपर्यंत.

राखणीचा विचार या डोंगरात जुना आहे. भाज्याच्या लेण्यांतील एका विहाराच्या दाराशी दोन बाजूंना रक्षक कोरलेले आहेत. लोहगडावर सुरतेच्या लुटीतला ऐवज ठेवला होता, असे सांगतात; पुढे नाना फडणवीसांनीही आपला खजिना याच गडावर हलवला. गडाची वाट नागमोडी असून गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे तिच्यावर एकामागून एक येतात. एक पडला तरी दुसऱ्यापर्यंत पोचताना वेळ जातो आणि वरून पाहणाऱ्याला सावध होता येते. पाहणारा कोणी नसेल, तर चारही दरवाजे मिळून थोडा वेळच काय तो खातात.

गावगाड्यात हे पाहण्याचे काम जागल्याकडे होते. महार, रामोशी यांच्याकडे ते परंपरेने असे. ब्रिटिश प्रशासक एल्फिन्स्टनच्या १८१९ च्या अहवालात या पद्धतीचे वर्णन आहे. चोरी झाली की जागल्याने चोराचा माग काढायचा. माग शेजारच्या गावाच्या शिवेत गेल्याचे दाखवून दिले की जबाबदारी त्या गावावर. नाही दाखवता आले, तर भरपाईचा बोजा आपल्यावर. जाच होता, पण अनोळखी पाऊल कोणाचे हे गावाला कळत असे.

आज भाज्यात अनोळखी पाऊल हीच रोजची गोष्ट आहे. पावसाळ्यात धबधबा, लेणी आणि लोहगडासाठी एवढी गर्दी लोटते की कोण कुठला हे विचारण्याची सोयच उरत नाही. त्यात धुके, पत्र्यावरच्या पावसाचा आवाज आणि वारंवार जाणारी वीज. जवळच रेल्वे आणि महामार्ग. गर्दी आणि पहारा एवढ्याने भागत नाही, हे शेजारच्या कार्ल्याने पाहिले आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये एकवीरा देवीच्या मंदिराचा कळसच चोरीला गेला होता.

बंगल्यांत पैसा बहुधा चुकीच्या ठिकाणी खर्च होतो. पोलिसी कागदात ‘कोयंडा उचकटून’ हे शब्द इतक्यांदा येतात, याला कारण आहे. कुलूप भारी घेतले जाते, पण कोयंडा चौकटीला आखूड स्क्रूंनी बसवलेला असतो. ओलीने फुगलेल्या लाकडातून तो कटावणीच्या एका हिसक्यात निघतो आणि कुलूप शाबूत लोंबकळत राहते. आरपार बोल्ट, आतून अडसर, मागच्या दारालाही पुढच्याएवढीच मजबुती आणि न्हाणीघराच्या सरकत्या काचांना गज, एवढे तरी हवेच. कॅमेरा उपयोगी आहे, पण वीज गेल्यावरही तो आणि त्याचे इंटरनेट चालू राहत असेल आणि इशारा मिळताच धावून येणारे कोणी असेल, तरच. नाहीतर चोरीचे चित्रीकरण तेवढे हाती लागते. भाड्याने दिल्या जाणाऱ्या बंगल्यांत किल्ल्या अनेक हातांतून फिरतात. तिथे कुलूप वरचेवर बदलणे किंवा आकड्यांचे कुलूप लावून प्रत्येक पाहुण्यानंतर आकडा बदलणे भाग आहे.

माणसांची व्यवस्था याहून महत्त्वाची. महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ नुसार पोलीस पाटील नेमला जातो आणि ग्रामरक्षक दलाचीही तरतूद कायद्यात आहे. जिल्ह्यात ग्रामसुरक्षा यंत्रणाही चालते: एका टोल फ्री क्रमांकावर दिलेला इशारा नोंदणी केलेल्या सगळ्या मोबाइलवर एकाच वेळी वाजतो. बंगलेवाल्यांपैकी ज्यांचा क्रमांक गावात कोणाकडेच नाही, त्यांना याचा फायदा होणार कसा? राखणदार ठेवताना त्याची चारित्र्य पडताळणी करून घ्यावी. पण त्याला वेळेवर पगार आणि राहायला कोरडी खोली देणे हीसुद्धा सुरक्षेचीच बाब आहे, आणि ती सहसा विसरली जाते. गावातलाच माणूस असेल, तर उत्तम.

चोरी झालीच, तर ११२ वर कळवावे. पोलीस येईपर्यंत काही हलवू नये, पुसू नये. पंचनामा, ठसेतज्ज्ञ आणि श्वानपथक यांचे काम त्यावर अवलंबून असते. दागिन्यांची बिले आणि फोटो चोरी झालेल्या घराबाहेर कुठेतरी ठेवलेले असावेत. वितळवून लगड केलेले सोने ओळखणे अवघड होते आणि न्यायालयातून मुद्देमाल परत मागताना तो आपलाच आहे हे दाखवावे लागते. उपकरणांचे अनुक्रमांक लिहून ठेवले असतील, तर टीव्ही किंवा इन्व्हर्टरच्या बाबतीत हे काम सोपे जाते.