बुळकांडी गेली, राखण सुटू नये

गावची राखण म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर वेशीवरचा जागल्या येतो. पण आपल्या पणजोबांना विचारता आले असते, तर त्यांनी चोर-दरोडेखोरांच्या आधी एक वेगळेच नाव घेतले असते : बुळकांडी. जनावराला सणकून ताप, डोळ्यानाकांतून स्राव, तोंडात व्रण, मग हगवण. आणि आठ-दहा दिवसांत दावण रिकामी. बैल गेला की पेरणी गेली, आणि पेरणी गेली की शेतकरी सावकाराच्या दारी!

१८८७ च्या सुमारास हा रोग इथिओपियात शिरला आणि दहा वर्षांत आफ्रिकेच्या दक्षिण टोकापर्यंत पोचला. वाटेतल्या कित्येक मुलखांत शंभरातली ऐंशी-नव्वद गुरे मेली. त्यांच्यामागून दुष्काळ आला आणि माणसेही गेली.

तुम्ही म्हणाल, ही झाली निसर्गाची करणी. यात शत्रूचा काय संबंध? संबंध आहे. पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या हस्तकांनी अमेरिकेतून दोस्तांकडे जाणाऱ्या घोड्या-खेचरांना रोगजंतू टोचले होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने काळपुळीचे जंतू भरलेल्या पेंडीच्या पन्नास लाख वड्या जर्मनीच्या गुरांसाठी तयार ठेवल्या. त्या वापरल्या मात्र गेल्या नाहीत. बुळकांडीचाही असाच वापर होईल या धास्तीने अमेरिका व कॅनडा यांनी ग्रोस इल या बेटावर तिची लस सिद्ध केली. १९७२ च्या करारान्वये अशी शस्त्रे निषिद्ध ठरली खरी. पण करार राष्ट्रे पाळतात, माथेफिरू पाळतीलच असे नाही.

आपल्याकडची हकीकत आशादायक आहे. १८८९ मध्ये पुण्यात जंतुशास्त्राची सरकारी प्रयोगशाळा निघाली आणि १८९३ मध्ये ती हिमालयातील मुक्तेश्वरला गेली. तेथे बुळकांडीवर काम झाले, पुढे बकऱ्यांवर वाढवलेल्या विषाणूची लस आली. १९५४ मध्ये देशव्यापी निर्मूलन मोहीम सुरू झाली. लस टोचणारा गावोगाव फिरला, आणि ज्या शेतकऱ्याने प्रथम त्याला पाहून गुरे रानात पिटाळली, तोच पुढे त्यांना दोरी लावून उभा राहिला. १९९५ नंतर देशात हा रोग आढळला नाही. २०११ मध्ये तो जगातूनच नाहीसा झाल्याचे जाहीर झाले.

पण या यशातच एक मेख आहे. लस थांबली, त्यामुळे आजच्या गुरांच्या अंगी प्रतिकारशक्ती नाही. आणि तरुण शेतकऱ्याने, फार काय तरुण पशुवैद्यानेही, हा रोग डोळ्यांनी पाहिलेला नाही. विषाणूचे नमुने मात्र काही मोजक्या प्रयोगशाळांत अजून जपून ठेवलेले आहेत.

मग गावाने करायचे काय? रोग आपसूक आला की कोणी मुद्दाम आणला, हे गोठ्यात उभे राहून कळत नाही. आणि कळण्याची गरजही नाही. उपाय एकच. आजारी जनावर वेगळे बांधा आणि त्याच दिवशी वर्दी द्या. २००९ च्या कायद्याने मालकावर ती जबाबदारीच टाकली आहे. घात होतो तो इथेच. जनावर सुस्त दिसले की मनात येते, मरण्याआधी बाजार दाखवावा. त्या एका बैलामागून रोग दहा गावांच्या वेशी ओलांडतो. २०२२ मध्ये लंपी आला, तेव्हा बाजार बंद ठेवण्याची पाळी आली, ती उगीच नव्हे.

अर्थात नुसता दंडुका उपयोगाचा नाही. वर्दी देणारा बुडणार असेल, तर तो गप्पच राहील. त्याला डॉक्टर वेळेवर आणि भरपाई हातात मिळाली, तर वेशीवर वेगळा जागल्या लागणार नाही. प्रत्येक गोठ्यात एक जागा असेल.