दारावरचा पहारा आणि घरातील सत्ता

परक्या माणसाला आपल्या देशात येऊ द्यावे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार सरकारचा आहे, असे आज बहुतेक सारे जग मानते. आपणही मानतो. पण एवढे मान्य केले म्हणजे प्रश्न संपतो काय? ज्याला दारावर पहाऱ्यास बसविले तोच घरात शिरून आतल्या माणसांची झडती घेऊ लागला, तर त्याला कोठे थांबवावयाचे? प्रश्न तात्त्विक वाटतो खरा. परंतु दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांना विसाव्या शतकाच्या आरंभी तो तुरुंगात जाऊन सोडवावा लागला. त्या इतिहासाकडे आपण सत्याग्रहाचा उगम म्हणून पाहतो, आणि ते योग्यच आहे. आज मात्र तो आपण जरा दुसऱ्या अंगाने पाहू.

आरंभ दार उघडण्यापासून झाला. 1860 पासून नाताळ वसाहतीतील उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून गिरमिटिये मजूर नेण्यात येऊ लागले. त्यांच्यामागून व्यापारी गेले. मळेवाल्यांना हात हवे होते. पण हातांबरोबर माणसे येतात, ती मुदत संपल्यावर जमीन कसतात, दुकान थाटतात, संसार मांडतात, हे गोऱ्या वसाहतवाल्यांना रुचेना. 1896 साली मुंबईत प्लेग सुरू झाला आणि त्यांना एक सबब मिळाली. मुंबईहून निघालेले ‘कूरलँड’ जहाज 18 डिसेंबर रोजी दरबान बंदरात पोहोचले. त्यावर गांधीजी आणि त्यांचे कुटुंब होते. प्लेगच्या नावाखाली ते अडकवून ठेवण्यात आले आणि 13 जानेवारी 1897 पर्यंत उतारूंना किनाऱ्यावर पाय ठेवता आला नाही. गांधीजी उतरले तेव्हा जमावाने त्यांना मारहाण केली. त्याच वर्षी नाताळने प्रवेशनिर्बंधाचा कायदा केला. त्यात हिंदी माणसाचे नावही नव्हते. येणाऱ्यास एखादी युरोपीय भाषा लिहिता आली पाहिजे, एवढेच होते. ही युक्ती इतकी पसंत पडली की 1901 साली ऑस्ट्रेलियाने तिच्याच धर्तीवर श्रुतलेखनाची परीक्षा सुरू केली आणि ती 1958 पर्यंत चालविली.

हा झाला दाराचा कायदा. अन्यायाचा होता, कपटाचा होता. पण तो उंबरठ्यावर उभा होता. ट्रान्सवालमध्ये सरकारने पुढचे पाऊल टाकले. बोअर युद्ध 1902 साली संपले. युद्धात परागंदा झालेले हिंदी लोक परत येऊ लागले, तेव्हा बनावट परवान्यांवर नवे लोक घुसत आहेत अशी ओरड झाली. तिच्यात थोडेफार तथ्य असेलही. पण उपाय काय निघाला? 1906 सालच्या वटहुकुमाच्या मसुद्यात असे होते की, वसाहतीत आधीपासून राहणाऱ्या प्रत्येक आशियाई माणसाने, आठ वर्षांवरील मुलानेसुद्धा, दहाही बोटांचे ठसे देऊन नोंदणीचा दाखला घ्यावा. रस्त्यात शिपायाने मागितला तर तो दाखवावा. तपासणीसाठी पोलिसांना घरातही शिरता यावे. आणि दाखला नसल्यास दंड, कैद किंवा हद्दपारी भोगावी. चोर दाराबाहेर असल्याचे सांगत होते आणि बेड्यांचे माप मात्र घरातल्यांचे घेत होते.

11 सप्टेंबर 1906 रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर नाट्यगृहात हिंदी लोकांची सभा भरली आणि हा कायदा न पाळण्याची शपथ घेण्यात आली. ट्रान्सवालला स्वराज्याचे अधिकार मिळताच 1907 साली तोच कायदा पुन्हा संमत झाला. त्या वसाहतीत तेव्हा सुमारे 13,000 हिंदी होते. नोव्हेंबर अखेरपर्यंत जेमतेम पाचशे लोकांनी नोंद केली.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावयास हवी. या चळवळीने दारे सताड उघडा असे कधी म्हटले नाही. नव्या लोकांच्या येण्यावर मर्यादा घालण्याचा वसाहतीचा अधिकार तिने मान्य केला. पुढे तर वर्षाला अवघे सहा सुशिक्षित हिंदी आत घ्यावे, एवढ्यावरही ती राजी झाली. तिचे म्हणणे एवढेच, की कायद्याच्या पुस्तकात जात पाहून बंदी लिहू नका, आणि जे न्यायाने आत आहेत त्यांना गुन्हेगारांसारखे वागवू नका. बोटांच्या ठशांचाही तिला विटाळ नव्हता. जानेवारी 1908 मधील तडजोडीनंतर गांधीजींनी स्वतः आपखुशीने ठसे दिले आणि त्यापायी आपल्याच एका माणसाच्या हातचा मार खाल्ला. सक्तीचा कायदा रद्द करण्याचे वचन मिळाले होते, असे गांधीजी म्हणत. स्मट्स यांनी ते नाकारले. तेव्हा 16 ऑगस्ट 1908 रोजी हमीदिया मशिदीच्या आवारात कढई पेटवून दोन हजारांवर दाखले जाळण्यात आले. ठसा तोच, बोटेही तीच. पण माणूस आपण होऊन ओळख देतो तेव्हा तो नागरिकासारखा वागतो, आणि ती त्याच्याकडून हिसकावली जाते तेव्हा तो संशयित ठरतो.

बोटांनंतर हात गेला तो कमाईवर. गिरमिट संपल्यावर नाताळमध्ये राहू इच्छिणाऱ्याला 1895 च्या कायद्याने दरसाल तीन पौंड कर बसविला होता. सोळा वर्षांवरील मुलगा आणि तेरा वर्षांवरील मुलगी यांनाही तो लागू होता. म्हणजे चौघांच्या घराला बारा पौंड! गिरमिटिया मजुराचा पगार पहिल्या वर्षी महिन्याला दहा शिलिंग, यावरून या कराचा हेतू ओळखावा. तिजोरी भरणे हा तो नव्हता. माणसाने परत जावे, नाही तर पुन्हा गिरमिटात शिरावे, हा होता.

या ठिकाणी आपल्या नामदार गोखल्यांचा संबंध येतो. 1910 साली वरिष्ठ कायदेमंडळात ठराव आणून त्यांनी नाताळला जाणारी गिरमिटाची भरती थांबविण्याचा मार्ग मोकळा केला आणि 1911 मध्ये ती थांबली. 1912 च्या ऑक्टोबरात ते स्वतः आफ्रिकेत गेले. जोहान्सबर्गला कोकणी मुसलमान आणि महाराष्ट्रीय हिंदू यांची वस्ती होती. त्यांच्यापुढे आपण मराठीत बोलावे, मी भाषांतर करतो, असे गांधीजींनी सुचविले. गांधीजींच्या मराठीबद्दल गोखल्यांनी थट्टा केली, पण सूचना मानली. मंत्र्यांच्या भेटीनंतर तीन पौंडांचा कर जाणार, अशी गोखल्यांची समजूत झाली होती. पुढे सरकारने तसे वचन दिलेच नव्हते असे सांगितले.

आणि मग सत्तेचा हात विवाहापर्यंत पोहोचला. एका मुसलमान गृहस्थाच्या पत्नीच्या प्रवेशाचा वाद केपच्या न्यायालयात गेला. 14 मार्च 1913 रोजी न्यायमूर्ती सर्ल यांनी असा निर्णय दिला की, बहुपत्नीत्वाला मुभा देणाऱ्या धर्माच्या रीतीने झालेला विवाह कायद्याला मान्य नाही. प्रश्न होता एका बाईला आत घ्यावयाचे की नाही एवढा; पण उत्तराने हजारो घरांतील बायका एका दिवसात बेकायदा ठरल्या. आजवर घरी राहिलेल्या स्त्रिया बाहेर पडल्या. कस्तुरबांनी परवान्यावाचून सरहद्द ओलांडून तीन महिन्यांची सक्तमजुरी पत्करली. सोळा वर्षांची वल्लीअम्मा तुरुंगातून ताप घेऊन आली आणि 22 फेब्रुवारी 1914 रोजी मरण पावली. 6 नोव्हेंबर 1913 रोजी चार्ल्सटाउनहून ट्रान्सवालच्या सरहद्दीकडे जो मोर्चा निघाला, त्यात 2,037 पुरुष, 127 स्त्रिया आणि 57 मुले होती. त्यांतले बहुतेक खाणींवरचे गिरमिटिये मजूर होते.

1914 च्या कायद्याने तीन पौंडांचा कर गेला, एकपत्नी विवाहाला मान्यता मिळाली. प्रवेशावरचे नियंत्रण सरकारकडेच राहिले. म्हणजे पहारेकरी दारावर परत गेला, निदान काही काळ.

निदान काही काळ, असे आम्ही म्हणतो याला कारण आहे. ज्या 1913 साली ही लढाई चालली होती, त्याच साली त्या देशाच्या मूळ रहिवाशांना बहुतांश भूमीवर जमीन घेण्यास बंदी करणारा कायदा झाला. त्यांच्या गळ्यात पासांचे जोखड तर आधीपासूनच होते. हिंदी लोकांनी आपल्यापुरती रेघ ओढून घेतली. शेजाऱ्यासाठी ती ओढली गेली नाही. आणि शेजाऱ्याच्या घरात शिरलेला हात पुन्हा त्यांच्याही घरात आला. 1950 च्या वस्तीविभागणीच्या कायद्याने त्यांची राहती घरे आणि दुकाने हलविली. पासांचे कायदे आणि फ्री स्टेट प्रांतातील हिंदी वस्तीवरची बंदी उठावयास 1986 साल उजाडावे लागले.

तेव्हा परक्यांविषयीचा कोणताही कायदा, कोणत्याही देशात, आपल्याही, पुढे आला म्हणजे त्याचे नाव आणि त्याची सबब यांवर आपण थांबू नये. त्याची कलमे वाचावी आणि तो उंबरठ्याच्या कोणत्या बाजूला काम करणार ते पाहावे. तो आतल्या माणसाची बोटे, त्याची कमाई, त्याचे लग्न यांना हात घालीत असेल, तर तो आपल्यासाठी नाही, कोणा दुसऱ्यासाठी आहे, या समजुतीने स्वस्थ बसू नये. जोहान्सबर्गच्या त्या कोकणी दुकानदारालाही प्रथम असेच वाटले असेल.