बियांतील प्रथिनविघटक विकरांचे निरोधक : विलगीकरणाचा इतिहास आणि मोजमापाचा प्रश्न

वनस्पतींच्या बियांतून प्रथिनविघटक विकरांचे निरोधक वेगळे करणे व त्यांचे गुणधर्म निश्चित करणे हा जीवरसायनशास्त्राच्या पदव्युत्तर प्रकल्पांचा नेहमीचा विषय आहे. क्रम ठरलेला असतो : बियांचे पीठ, त्याचा अर्क, अमोनियम सल्फेटने अवक्षेपण, स्तंभवर्णलेखन, जेलवरील एक पट्टा आणि शेवटी ट्रिप्सिनच्या निरोधाची टक्केवारी. हे ट्रिप्सिन बहुधा गोवंशाच्या स्वादुपिंडातील असते. तेच का, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्याचे उत्तर या विषयाच्या इतिहासात आहे.

ऑस्बॉर्न व मेंडेल यांना १९१७ मध्ये असे आढळले, की कच्च्या सोयाबीनवर उंदरांची वाढ नीट होत नाही. तेच सोयाबीन शिजवून दिल्यास होते. कच्च्या दाण्यात ट्रिप्सिनला रोखणारा पदार्थ असल्याचे बोमन यांनी, तसेच हॅम व सँडस्टेड यांनी १९४४ मध्ये दाखविले. प्रश्न पोषणाचा होता, सस्तन प्राण्याच्या आतड्याचा होता. तेव्हा सस्तन प्राण्याचे ट्रिप्सिन हा निकष सर्वथा योग्यच होता.

या पदार्थाला रूप दिले ते मोझेस कुनिट्झ यांनी. रॉकफेलर संस्थेत १९१३ मध्ये जाक लोब यांचे साहाय्यक म्हणून लागलेला हा संशोधक पुढे नॉर्थ्रप यांच्यासमवेत विकरांच्या स्फटिकीकरणात निष्णात झाला. सोयाबीनच्या तेलविरहित पिठाचा अर्क, बेंटोनाइट मातीवर अधिशोषण व पिरिडीनने विमोचन अशा मार्गाने त्यांनी १९४५ मध्ये निरोधकाचे स्फटिक मिळविले. त्याहून महत्त्वाचे काम १९४७ चे. त्यांनी ट्रिप्सिन व निरोधक यांच्या संयुगाचेही स्फटिक तयार केले आणि दोहोंचे रेणू एकास एक या प्रमाणात जोडले जातात हे स्पष्ट केले. निरोध ही मोघम ‘शक्ती’ न राहता रेणूंची मोजदाद झाली. केसीनच्या पचनावरून विकराची क्रिया मोजण्याची त्यांची पद्धत आजही आपल्या प्रयोगशाळांत चालते.

बोमन यांनी वर्णिलेला दुसरा, लहान निरोधक येहुदित बर्क यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी शुद्ध केला. कुनिट्झ-निरोधकात १८१ अमिनो आम्ले व दोन डायसल्फाइड बंध, तर बोमन-बर्क निरोधकात केवळ ७१ अमिनो आम्ले आणि सात बंध. त्याच्या स्थैर्याचे रहस्य या घट्ट बांधणीत आहे. तो ट्रिप्सिन व कायमोट्रिप्सिन या दोहोंना वेगवेगळ्या टोकांनी एकाच वेळी पकडू शकतो.

येथवर निकष व प्रश्न यांची जोडी जुळलेली होती. तरीही काकडे, हॉफा व लिनर यांनी १९७३ मध्ये दाखविले, की कच्च्या सोयाबीनमुळे खुंटणाऱ्या वाढीपैकी सुमारे ४० टक्केच भाग निरोधकांच्या खाती घालता येतो.

त्यापूर्वीच, १९७२ मध्ये, ग्रीन व रायन यांनी बटाटा व टोमॅटोच्या पानांना कीटकाने इजा करताच निरोधक वाढतात हे दाखविल्यावर प्रश्नच बदलला. निरोधक हा पोषणातील दोष नसून वनस्पतीचे संरक्षण ठरला. चवळीच्या निरोधकाचे जनुक तंबाखूत घालून कीटकप्रतिकार मिळविल्याचे वृत्त १९८७ मध्ये हिल्डर व सहकाऱ्यांनी दिले. प्रश्न आतड्यातून शेतात आला. परखनळीतले ट्रिप्सिन मात्र गोवंशाचेच राहिले.

याची किंमत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील कामाने उघड केली. गिरी, हरसुलकर, गुप्ता, रांजेकर आदींनी १९९८ मध्ये दाखविले, की हरभऱ्याचे निरोधक घाटेअळीच्या आतड्यातील विकर निष्क्रिय करू शकतात. ज्याने रोखायचे तोच पचविला जातो! जोंग्स्मा यांच्या गटाने १९९५ मध्ये दुसऱ्या एका अळीत निरोधकाला न जुमानणारे विकर वाढताना पाहिले होते. म्हणूनच पुण्याच्या गटाने १९९९ मध्ये अळीच्या यजमान नसलेल्या वनस्पतींचे निरोधक तपासले, आणि तेही एकामागून एक वापरण्याची गरज प्रतिपादिली.

प्रस्तुत लेखकाच्या मते, कीडनियंत्रणाचा उद्देश प्रस्तावनेत लिहून केवळ गोवंशीय ट्रिप्सिनवर थांबणारा प्रकल्प अपुरा मानावा. अळीच्या आतड्याचा अर्क काढण्यास महागडे उपकरण लागत नाही. हंगामात हरभऱ्याच्या शेतात अळ्या मिळतात आणि मोजमापाला कुनिट्झ यांची केसीनची पद्धतही चालते. मात्र द्रावणाचा सामू अळीच्या आतड्याप्रमाणे अधिक अल्कधर्मी ठेवावा लागतो.