गॉस्पोर्टची नळी

पहिल्या महायुद्धातील प्रशिक्षण विमानांचे कॉकपिट उघडे असे. इंजिनाच्या घरघरीत शिक्षकाचा शब्द शिकाऊ वैमानिकापर्यंत पोहोचत नसे. हातवारे करायचे, नाहीतर इंजिन मंद करून ओरडायचे. १९१७ मध्ये इंग्लंडमधील गॉस्पोर्ट येथे रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी उड्डाणशिक्षणाची पद्धतच बदलली. विमान मुद्दाम गिरकीत घालून त्यातून बाहेर काढायला ते शिकवत. असे शिक्षण त्याच क्षणी बोलता आल्याशिवाय अपुरेच. म्हणून अ‍ॅव्हरो ५०४ या प्रशिक्षण विमानात लवचीक नळी आली: एका टोकाला शिक्षकाचे मुखपात्र, दुसऱ्या टोकाला शिष्याच्या शिरस्त्राणातील कर्णिका. वीज लागत नसे. इतके साधे साधन इतके उपयोगी ठरावे, हे खरोखर विलक्षण आहे. पुढे टायगर मॉथ या विमानातही ते टिकले.

नंतर विजेवर चालणारा इंटरकॉम आला. त्याचा मायक्रोफोन ओठांना जवळजवळ टेकलेला असावा लागतो. आवाजाने आपोआप सुरू होणाऱ्या संचात स्क्वेल्च, म्हणजे ज्या आवाजाला मायक्रोफोन सुरू होतो ती पातळी, नीट लावणे महत्त्वाचे: पातळी फार खाली ठेवली तर इंजिनाचा गोंगाट सतत कानात शिरतो, फार वर ठेवली तर वाक्याची पहिली अक्षरे गळतात. संच बसवताना मायक्रोफोनचा जॅक विमानाच्या धातूपासून विद्युतरोधक चकतीने वेगळा ठेवतात. नाहीतर विद्युत यंत्रणेची गुणगुण बोलण्यात मिसळते.