रान पाहावयास कसे जावे?



युनियनचा माणूस व्यासपीठावर आला म्हणजे बोनस, महागाई आणि मालक ह्या तीन विषयांपलीकडे जावयाचा नाही, अशी आपली समजूत असावी, आणि ती बव्हंशी खरीही आहे. आज मात्र आम्ही सुटीविषयी बोलणार आहोत. सुटी कोणी खुशीने दिलेली नाही. ती भांडून मिळवावी लागली. तेव्हा मिळालेली सुटी कशी घालवावी, हा प्रश्न आमच्या धंद्याबाहेरचा आहे असे आम्हांला वाटत नाही.

निमित्त घडले ते असे. काही वर्षांपूर्वी आमच्या युनियनच्या सभासदांनी कुटुंबांसह ताडोब्याचे रान पाहावयास जावयाचे ठरविले. ठरविले खरे, पण कसे जावयाचे ह्यावर सभा दोन तास चालली. ज्यांच्या दारात मोटारी होत्या ते म्हणाले, आपापल्या गाडीने जाऊ. वाटेल तिथे थांबू, पोराला भूक लागली तर झाडाखाली डबा सोडू. ज्यांच्याकडे मोटारी नव्हत्या ते म्हणाले, एकच बस करू, तिथे पाचसहा जणांच्या तुकड्या पाडू आणि जाणता माणूस बरोबर घेऊ. बोनसच्या प्रश्नावरही आमच्याकडे इतके कडाक्याचे भांडण झाल्याचे आम्हांला स्मरत नाही. शेवटी सुटका म्हणून ठराव झाला की चिटणिसाने अभ्यास करून अहवाल द्यावा. चिटणीस आम्हीच. आमचे शिक्षण आठवीपर्यंत. पुढचे सारे वाचनालयाच्या बाकावर झालेले. तेव्हा अभ्यास म्हटला की आम्ही वाचनालयाकडे वळतो, आणि तसेच ह्या वेळीही वळलो.

जमावाने फिरावयास जाणे ही गोष्ट आज पर्यटन कंपन्यांची वाटते, पण तिचा उगम पाहा. ५ जुलै १८४१ रोजी टॉमस कुक ह्या गृहस्थाने इंग्लंडात लेस्टर गावाहून लफबरोला सुमारे पाचशे माणसे आगगाडीने नेली. भाडे माणशी एक शिलिंग. हा कुक मूळचा सुतारकाम शिकलेला, आणि सहल होती दारूबंदीच्या सभेची! त्या काळी हौसेने फिरणे हा बड्या घरांचा शोक होता. साध्या माणसाला जावयाचे तर पाचशेंच्या घोळक्यातच जावे लागे, कारण घोळक्यामुळेच भाडे उतरे. पुढे १९३६ साली फ्रान्समधील कामगारांनी मोठा संप करून वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळविली, आणि लागलीच त्यांच्यासाठी रेल्वेची सवलतीची तिकिटे निघाली. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस भरणाऱ्या कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवसाची भरपगारी रजा दिली. हे सारे वाचून आमचे मत जवळजवळ ठरून गेले होते: संघाने जाणे ते कामगाराचे, आपल्या मोटारीने जाणे ते शेटजींचे. अहवालही असाच लिहावयाचा होता. पण त्याच आठवड्यात दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर नावाच्या रानाचा इतिहास हाती आला आणि आमचा निकाल डळमळला. तिथे आम्ही गेलो ते कागदावरच, हे सांगावयास हवे. आमच्यापाशी पासपोर्टदेखील नाही.

हे रान आहे केवढे? सुमारे साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटर. आपला अख्खा चंद्रपूर जिल्हा साडेअकरा हजारांच्या आत आहे. १८९८ साली ट्रान्सव्हालचे अध्यक्ष पॉल क्रूगर ह्यांनी साबी आणि क्रोकोडाइल ह्या नद्यांमधील मुलूख शिकारबंदीखाली आणला. नंतर बोअर युद्ध झाले, इंग्रज आले, आणि १९०२ साली जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन हा स्कॉटिश लष्करी अधिकारी तिथला मुख्य रक्षक झाला. त्या वेळी कोणाच्याही डोक्यात प्रवासी नव्हते. शिकाऱ्यांनी संपवीत आणलेली हरणे पुन्हा वाढावीत एवढाच हेतू, आणि त्यासाठी सिंहसुद्धा उपद्रवी जनावर म्हणून गोळी घालून मारीत.

प्रवासी आले १९२३ साली, तेही आगगाडीने आणि घोळक्याने. रेल्वेने नऊ दिवसांची एक फेरी काढली; तिचे नावच ‘राउंड इन नाइन’. फेरीच्या आखणीत ह्या रानाला काही महत्त्व नव्हते. गाडी रात्रीतून तेथून निघून जावयाची होती. स्टीव्हन्सन-हॅमिल्टन ह्यांनी सुचविले की गाडी रानात थांबवा. ती थांबली. उतारूंना बंदूकधारी रक्षकाबरोबर थोडे पायी नेऊ लागले, रात्री शेकोटी पेटू लागली. आणि नऊ दिवसांत पाहिलेल्या साऱ्या गोष्टींत हा थांबाच लोकांना सर्वांत आवडला. रेल्वेच्या शहाण्यांनी हिशेबात न धरलेली गोष्ट उतारूंनी दाखवून दिली. जिवंत जनावर नुसते पाहावयास लोक पैसे देतात, हे तेव्हा सरकारला कळले, आणि १९२६ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा होण्यास त्याचा मोठा हातभार लागला. म्हणजे हे रान टिकले त्यात घोळक्याचा वाटा आहे.

मोटारी आल्या त्या पुढल्याच वर्षी. १९२७ साली एक पौंड प्रवेशफी भरून अवघ्या तीन मोटारी आत गेल्या. १९२८ साली १८०, १९२९ साली ८५०. नद्यांवर पूल नव्हते. तराफ्यावर मोटार चढवावयाची आणि माणसांनी तो तराफा ओढून पैलतीरी न्यावयाचा. पण एक गोष्ट सर्वांना चकित करून गेली. पायी माणूस दिसला की उठून जाणारा सिंह मोटारीकडे मात्र ढुंकूनही पाहीना! मोटारीत माणूस आहे हे जणू त्याच्या गावीच नाही. ह्या एका गोष्टीमुळे सारे चित्र पालटले. बंदूकधारी रक्षक नको, ठरलेली वेळ नको. बायकापोरे घेऊन कोणीही स्वतः गाडी हाकीत सिंहापर्यंत जाऊ लागला. स्टीव्हन्सन-हॅमिल्टन १९४६ साली निवृत्त झाले, तोवर त्यांचे एकांत रान मोटारींनी भरून गेले होते, आणि त्याची त्यांना खंतही वाटे.

अर्थात ‘वाटेल तिथे थांबू’ हे तिथेही चालत नाही. ठरविलेल्या जागांखेरीज गाडीतून उतरावयाचे नाही, डांबरी सडकेवर ताशी पन्नास आणि मुरमाच्या रस्त्यावर चाळीस किलोमीटरच्या वर जावयाचे नाही, आणि दिवस मावळण्याच्या आत छावणीच्या फाटकात परत आलेच पाहिजे. आम्हांला हे वाचताना गिरणीचा भोंगा आठवला. फरक एवढाच की हा भोंगा माणूस पैसे भरून ऐकतो.

आता आमच्या मनाला जी गोष्ट लागली ती सांगतो. मोटारीला रस्ता लागतो. तो कोणी केला?

ह्या रानाच्या पूर्वेस मोझांबिकची सरहद्द आहे. तिथली गरीब माणसे जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणींत काम शोधावयास हे रान पायी तुडवीत येत. वाटेत कोणी सिंहाच्या तोंडी पडे. जे जिवंत निघत त्यांतले पुष्कळसे परवान्यावाचून आलेले म्हणून पकडले जात. त्यांच्याकडून दोन आठवडे उद्यानाचे काम फुकट करून घ्यावयाचे आणि मग नोकरी शोधण्याचा परवाना द्यावयाचा, अशी रीत पडली होती. खडी टाकणे, झाडे तोडणे, वाट सपाट करणे ही ती कामे. पिढ्यान्पिढ्या प्रवासी ज्या वाटांवर ‘कोणाच्या आधारावाचून, आपल्या हिमतीवर’ म्हणून गाडी हाकीत आले, त्यांत असा बिनमजुरीचा घाम आहे. आम्ही तीस वर्षे हजेरीपटांवर भांडलो. ज्याच्या नावाची हजेरीच कुठे लागली नाही असा मजूर आम्हांला झोपू देत नाही.

आणि रान रिकामे होते असेही नव्हे. स्टीव्हन्सन-हॅमिल्टन ह्यांनी सुरुवातीसच साबीच्या मुलखातून दोनतीन हजार आफ्रिकी माणसे उठविली. स्थानिक लोकांनी त्यांना ‘स्कुकुझा’ असे नाव दिले. कोणी त्याचा अर्थ ‘झाडून साफ करणारा’ असा सांगतात, कोणी ‘उलथापालथ करणारा’ असा. १९३६ साली मुख्य छावणीला हेच नाव गौरवाने देण्यात आले! पुढे १९६९ साली उत्तरेकडील माकुलेके लोकांना त्यांच्या गावांतून काढून ती जमीन उद्यानात घातली. १९९८ साली, वर्णद्वेषी राजवट गेल्यानंतर, त्यांना तिची मालकी परत मिळाली. त्यांनी तिथे नांगर न घालता रान रानच ठेवले आणि प्रवाशांकडून येणाऱ्या उत्पन्नात आपला वाटा घेतला. आमच्या मते ह्या साऱ्या इतिहासात इतकी शहाणी वाटाघाट दुसरी नाही.

प्रवाशांतही भेद होताच. गोऱ्यांच्या छावण्या वेगळ्या. काळ्या माणसाला रात्र काढावयास अनेक वर्षे बालुले नावाची एक लहानशी छावणी काय ती होती. खिशात पैसे आणि दारात मोटार असूनही माणसाचा रंग आड येई. म्हणजे मोटारीने येणारे स्वातंत्र्य सर्वांना सारखे मिळाले, हेही खरे नव्हे.

लहान तुकडीची सहल तिथे पुन्हा आली ती १९७८ साली, आणि निराळ्या रूपात. वोल्हुटर ह्यांच्या नावाने एक पायवाट सुरू केली. हा हॅरी वोल्हुटर जुना रक्षक; १९०३ साली घोड्यावरून खाली ओढणाऱ्या सिंहाला त्याने कमरेच्या सुरीने मारले होते. ह्या वाटेवर जास्तीत जास्त आठ माणसे, बरोबर शस्त्रधारी रक्षक, आणि दिवसभर पायी. मोटारीतून जनावर दिसते. पायी गेल्यावर माग दिसतो, शेण दिसते, वारा कोणीकडून वाहतो आहे हे महत्त्वाचे ठरते. आठवर नववा माणूस घेत नाहीत, कारण नवव्याच्या पावलांचा आवाज पहिल्या आठांचे रान बिघडवितो.

मग आमचा निकाल कशाने डळमळला? तर खर्चाने. क्रूगरमध्ये आपली मोटार घेऊन जाणे हा काटकसरीचा मार्ग आहे. मास्तर, कारकून, रेल्वेतला कामगार असेच कुटुंब घेऊन जातो, स्वतः रांधून खातो. आणि शेजारच्या खासगी रानांत गाईड आणि माग काढणारा बरोबर देऊन मोजक्या माणसांना जे हिंडवितात, ते श्रीमंतांनाच परवडते. आमच्या मनातला हिशेब तिथे नेमका उलटा निघाला. संघ म्हणजे गरिबाचा आणि मोटार म्हणजे शेटजीची, असे सरसकट म्हणता येत नाही, हे आम्हांला अहवालात लिहावे लागले. सभासदांतले मोटारवाले त्या दिवशी फार खूश झाले.

पण त्यांची खुशी दुसऱ्या पानापर्यंतच टिकली. दुसऱ्या पानावर ताडोबा होते. १९५५ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले, १९९५ साली अंधारी अभयारण्यासह व्याघ्रप्रकल्प. भोवतालच्या पट्ट्यासह ते सतराशे चौरस किलोमीटरांच्या घरात आहे. त्यातला गाभा सव्वासहाशे. क्रूगरचे रान पुष्कळसे मोकळे, गवताळ. इथे साग आणि बांबू असा दाट की दहा हातांवरचा वाघ दिसत नाही. वाटा अरुंद, समोरून गाडी आली तर एकाने मागे सरावे लागते. इथे प्रत्येकाने आपली गाडी घातली तर वाघाला श्वास घेता यावयाचा नाही, आणि गाडीवाल्यालाही धुळीवाचून काही दिसावयाचे नाही. शिवाय जिप्सीचे भाडे सहांत वाटून घेता येते आणि ते तिथल्याच चालकाच्या आणि गाईडच्या घरी जाते. तेव्हा आम्ही लिहिले: क्रूगरला जाणार असाल तर आपली मोटार घ्या, आणि एक दिवस तरी पायवाटेवर रक्षकाबरोबर चाला. ताडोब्याला जाणार असाल तर मोटार फाटकाबाहेर ठेवा, तुकडी करा, आणि गाईडला काय मिळते ते विचारा. शेवटची सूचना अहवालात शोभत नाही असे एका सभासदाचे म्हणणे पडले. ती आम्ही ठेवली.

गेलो एकदाचे. वाघ दिसला नाही. सभासदांची निम्मी मुले रुसून बसली. आमच्या जिप्सीतला गाईड चाळिशीचा, कमी बोलणारा. आम्ही आमच्या खोडीप्रमाणे त्याला फेरीमागे किती पडतात, पावसाळ्यात रान बंद असताना काय करता, असे विचारीत होतो. तो नीट उत्तरे देत होता. पावसाळ्यात धानाची लावणी, म्हणाला. एका वळणावर त्याने चालकाला गाडी थांबवावयास सांगितले. आम्ही दुर्बीण काढली. समोर गवताचे एक सपाट मैदान, दूर चितळांचा कळप, आणि कडेला एक जुना चिंचेचा वृक्ष. रानात चिंच कशी, असे आमच्याबरोबरच्या मुलीने विचारले.

“ती आमच्या आज्याने लावली,” तो म्हणाला. “इथं आमचं गाव होतं. हे गवत आहे ना, ते आमचं वावर.”

चितळे चरत होती. कोणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने मागून दुसरी जिप्सी आली आणि चालकाने आमची पुढे घेतली.